कोऱ्या घोड्यासाठी दोरीची मोरकी आणि १४ फुटी बागडोर: घेण्याआधी काय तपासावं

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा घोड्यांच्या रांगांइतकीच गर्दी साजाच्या दुकानांपुढे असते. खोगीर, तंग, रिकिबी, गोंडे, घुंगरू, कवड्यांच्या माळा आणि एका कोपऱ्यात रंगीत दोरीला गाठी मारून केलेल्या मोरक्या, म्हणजे तोंडात लगाम न घालता घोड्याच्या डोक्यावर चढवायचा साज. दुकानदार त्यांना रोप हॉल्टर म्हणतात. अदंत वछेरा, म्हणजे दुधाचे दात न पडलेला तरुण घोडा, घेतलेला माणूस बहुतेक वेळा तिकडे बघतच नाही, तो आधी लगाम मागतो. हे परीक्षण त्या मोरकीचं आणि तिच्याबरोबर घ्यायच्या लांब बागडोरीचं, म्हणजे मोरकीला जोडून घोडा हाती धरायच्या दोराचं, आहे. ज्या घोड्याला माणसाचा हात अजून लागलेला नाही, त्याला माणसाळवायला सगळ्या बाजारात याहून कामाची वस्तू नाही. पण ती नीट पारखून घ्यावी लागते, आणि वापरणाऱ्याचा हात हलका असावा लागतो.

पट्टीची मोरकी आणि दोरीची मोरकी यांत मूळ फरक दाबाचा आहे. रुंद पट्टीवर घोडा निवांत रेलतो, कारण दाब पसरतो. त्यातून ओढणाऱ्याच्या विरुद्ध जोर लावणं हा घोड्याचा स्वभावच. ३५०-४०० किलोचं जनावर एकदा पट्टीवर रेलायला शिकलं की दोन माणसांनाही आवरत नाही. बारीक दोरीचा दाब नेमक्या जागी लागतो, म्हणून अगदी थोडा पुरतो. त्याहून महत्त्वाचं, हात सैल केला की तो दाब त्याच क्षणी जातो. कोरा घोडा शिकतो तो दाब लागण्यातून नाही, दाब जाण्यातून. म्हणून मोरकी पारखताना एकच प्रश्न धरून ठेवावा: हात सैल केल्यावर ही किती लवकर सैल पडते?

दोरी ६ मिलिमीटरचीही मिळते आणि ८ मिलिमीटरचीही. कोऱ्या घोड्याला ८ ची घ्यावी. ६ ची दोरी तीक्ष्ण लागते. सुरुवातीला माणसाकडूनही चुका होतात आणि त्या चुकांची शिक्षा घोड्याच्या नाकाला होते. काही मोरक्यांना नाकावर दोनाऐवजी चार गाठी असतात. त्या जादा गाठी हट्टी घोड्यासाठी म्हणून विकल्या जातात. कोऱ्या घोड्याला त्या लावूच नयेत.

दोरी पॉलिएस्टरची, दुहेरी विणीची, थोडी ताठ हवी. ताठ दोरी सैल सोडली की स्वतःच आपल्या आकारात परत येते. मऊ, लुळी दोरी नाकाला चिकटून राहते, आणि घोड्याला कळतच नाही की दाब गेला. नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि सुटला की सपकन परत येतो, कडीसकट. स्वस्त मालात चकचकीत, हलकी पॉलिप्रॉपिलीनची दोरी असते. ती हातातून सरकली की तळव्याची साल काढते. ओळखायची सोपी रीत आहे. दुकानदाराकडून दोरीचा एक तुकडा मागून पाण्याच्या भांड्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पॉलिएस्टर बुडतं. नायलॉनही बुडतो, म्हणून मग एक हातभर दोरी दोन्ही टोकांना धरून जोराने ताणून बघावी. पॉलिएस्टर जेमतेम हलतं, नायलॉन लांबलेला डोळ्यांना दिसतो.

मग मोरकी मधोमध दुमडून डावी बाजू उजवीवर ठेवावी. गाठीवर गाठ बसली पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच मोरक्यांत इथेच बोटभराचा फरक निघतो. अशी मोरकी तोंडावर तिरकी बसते आणि एका गालाची दोरी डोळ्याकडे सरकते. शेवटी दोरीची जाळून बंद केलेली टोकं गालावरून फिरवून बघावीत, आपल्याच. वितळून गोठलेली कडा तुम्हाला बोचली तर घोड्यालाही बोचणारच. हात चालत असेल तर ६ मिलिमीटरच्या साधारण ७ मीटर दोरीत पूर्ण मापाची मोरकी घरीही बांधता येते. ८ च्या दोरीला गाठींमुळे थोडी जास्त लागते.

बागडोर १२ ते १४ फूट लांब आणि १४ मिलिमीटर जाड हवी. १४ फूटच घ्यावी. घोडा दोन पायांवर उभा राहिला किंवा दुगाणी झाडली, तर माणसाला बाजूला व्हायला आणि तरीही दोर हातात ठेवायला तेवढी लांबी लागते. लहान दोराने माणूस पायांच्या टप्प्यात अडकतो. वजनही हवं. अर्धा किलोच्या वर भरणारा दोर मधे झोळ धरतो, आणि हात हलला की तो झोळ आधी हलतो. ओढ लागण्याआधीच घोड्याला खबर मिळते. हलक्या दोरात ही सूचना नसते, एकदम झटकाच बसतो. टोकाला पितळी कडी असेल तर तिचं झाकण अंगठ्याने दहा-बारा वेळा उघडून-मिटून बघा. मुलामा दिलेली ओतीव कडी जड ओढीला तडकते. खूप मोठी कडीही नको, चालताना ती हनुवटीवर आपटत राहते. शक्य असेल तर बिनकडीची, फास घालून जोडायची बागडोर सर्वांत चांगली.

मापात बरेच लोक फसतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचं तोंड निमुळतं असतं. परदेशी मोठ्या घोड्यांच्या मापाची मोरकी त्यांना ढगळ होते आणि नाकाची दोरी खाली घसरते. धनगरांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या भीमथडी घोड्याला तर आणखी लहान माप लागतं. नाकाची दोरी गालाच्या हाडाच्या उंचवट्याखाली दोन बोटांवर बसावी, डोळा आणि नाकपुडी यांच्या साधारण मध्यावर. त्याखाली नाकाचं हाड पातळ होत संपतं आणि पुढे नुसती कुर्चा असते. तिथे दोरी आवळली तर हाड मोडू शकतं. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेत नाही, त्यामुळे नाक दाबलं की तो घाबरणारच. दोरी आणि नाक यांच्यात दोन बोटं सहज जावीत.

गाठ डाव्या गालाजवळ. कानामागून आलेला शेव, म्हणजे दोरीचं मोकळं टोक, फासातून ओवायचा, फासाच्या मागून वळसा देऊन स्वतःच्याच खालून काढायचा आणि घट्ट करायचा. वळसा फासाच्या दोरीभोवतीच पडला पाहिजे. तो फासाच्या वर, शेवाच्या दोरीभोवती पडला तर ओढ लागल्यावर गाठ अशी करकचते की ती सुटत नाही, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी सुटत नाही. उरलेलं टोक मानेकडे वळलेलं असावं, डोळ्याकडे नाही.

आता वापराचं. मोरकी घरी आणली त्याच दिवशी घोड्याच्या तोंडावर चढवायला धावू नये. आधी गोल आवार हवं: ५० ते ६० फूट व्यासाचं, सहा फूट उंच, कुठेही खूर अडकेल अशी फट नसलेलं. कोपरे नसलेलंच हवं, कारण कोपऱ्यात सापडलेला घोडा झाडतो. त्यात उभं राहून खांद्याच्या दिशेने, तिरकं, सावकाश जायचं. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागे त्याची नजर पोचत नाही. सरळ समोरून गेलेला माणूस त्याच्या नजरेतून अचानक नाहीसा होतो, मग तो बुजतो.

तो थांबला, कान तुमच्याकडे वळला, मान खाली आली, ओठ चाटले की आपण मागे फिरायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: घोडा पळतो तेव्हा मागे हटतात आणि उभा राहिला की पुढे सरसावतात. मग तो हेच शिकतो की पळालं की माणूस दूर जातो.

पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, एवढं पुरे. पहिला स्पर्श तोंडाला नाही. अयाळ जिथे संपते तो खांद्यावरचा उंचवटा खाजवायचा, थोडा जोर लावून. घोडे एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या छातीचे ठोके मंदावतात. वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला की जागा बरोबर सापडली. गूळ-गाजर हातातून भरवू नये. कोरा घोडा आठवड्याभरात हात चावायला शिकतो. द्यायचंच तर घमेल्यात टाकावं.

इथे एक इशारा, कारण सर्वांत जास्त घात यातूनच होतो. गप्प उभा असलेला घोडा शांत असतोच असं नाही. पापणी लवत नाही, ओठ आवळलेले, श्वास रोखलेला, शेपूट दाबून धरलेलं, हात ठेवला तर अंग दगडासारखं: हा घोडा भीतीने थिजलेला असतो. लोक त्याला गरीब समजून मोरकी चढवतात, खोगीरही टाकतात, आणि थोड्या वेळाने तो एकाएकी चौखूर उधळतो. मग घोड्याला कपटी ठरवलं जातं. त्या बिचाऱ्याने आधी सगळं सांगितलेलं असतं. असं दिसलं की मागे सरून थांबायचं, तो लांब श्वास सोडेपर्यंत.

स्पर्श पचला की मोरकी दंडावर टांगून तिने अंग चोळायचं, खांदा, मान, गाल. बागडोर नुसती मानेवरून टाकायची आणि काढायची. मग नाक फासात घालायचं आणि काढायचं, दहा वेळा, गाठ न मारता. मारवाडी घोड्याच्या आत वळलेल्या कानांना धक्का न लावता दोरी मानेमागून फिरवून आणावी, कानांवरून ओढू नये. एकदा कान दुखला की पुढचे कित्येक दिवस तो डोकं वर ठेवतो.

गाठ मारल्यावर पहिली ओढ सरळ पुढे नाही, बाजूला. समोरून ओढलेला घोडा पाय रोवतो. तिरक्या ओढीला त्याचा तोल जातो आणि एक पाय आपोआप सरकतो. दोर चार बोटांत धरून हळूहळू मुठीत आवळायचा आणि तिथेच थांबायचं, वाढवायचं नाही, झटकायचं नाही. त्याने नाक बोटभर जरी वळवलं तरी सेकंदाच्या आत मूठ उघडायची. तो मागे ओढत असताना मूठ उघडली तर तो मागे ओढणंच शिकेल. आणि दोर कधीही हाताला गुंडाळू नये. उरलेल्या दोराच्या घड्या करून तळव्यावर ठेवाव्यात, हातमोजे घालावेत. गुंडाळलेल्या दोराने बोटं जातात.

मोरकीचे दोष स्पष्ट सांगायला हवेत. ही बांधून ठेवायची वस्तू नाही. दोरी तुटत नाही, मान तुटते. खुंट्याला किंवा झाडाला बांधायचं असेल तर पट्टीची मोरकी घालावी, आणि तीही सुतळीच्या फासातून, म्हणजे घोडा घाबरला तर सुतळी तुटेल. चरायला सोडताना मोरकी काढलीच पाहिजे. मागचा खूर दोरीत अडकून घोडे मेलेले आहेत. झटके देणाऱ्याच्या हातात तर ही पट्टीपेक्षा वाईट. ज्याला राग आवरत नाही त्याने ही घेऊच नये.

तरीही शेजारच्याच दुकानात टांगलेल्या काटेरी लगामाशी तुलना केली, तर निवड सोपी आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. तो लगाम घोड्याला थांबवतो खरा, पण जिभेला आणि जबड्याला जखम करून. तोंड दुखल्याची आठवण घेऊन आलेला घोडा पुढे चाबूकस्वाराला, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याला, कितीतरी महिने हात लावू देत नाही. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर, बांधून वछेरा दमवण्याची रीतही याच जातीची.

देखभाल थोडी. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी, साबण नको. पावसाळ्यात सुती मोरकीच्या गाठी फुगून आवळतात, पॉलिएस्टरला तो त्रास नाही. नाकावरची दोरी तंतू सुटून खरखरीत झाली की मोरकी बदलावी.

मोरकी काढतानाही घाई नको. गाठ सोडून दोरी मानेवर तशीच धरून ठेवायची, घोड्याने मान खाली करून श्वास सोडला की मग नाकावरून उतरवायची. सुटताक्षणी वळून पळणारा घोडा जाताना झाडतो, आणि ती दुगाणी माणसाच्या छातीच्या उंचीवर येते. उतरवल्यावर खांद्यावरचा तो उंचवटा पुन्हा मिनिटभर खाजवावा आणि त्याच्याआधी आपण निघून जावं. काही घोड्यांना इथवर यायला तीन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. तुम्ही वळून चालू लागलात आणि मागून टापांचा सावकाश आवाज आला, तर दुसऱ्या दिवशी मोरकी दंडावर टांगून नुसतं उभं राहिलं तरी चालेल.