नाथसागर की नांदूर मध्यमेश्वर? घरटी पाहायला निघताना

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. दोन्ही पक्षी अभयारण्यं १९८६ची, दोन्ही गोदावरीवरची. छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर दीडशेच्या घरात. नुसती हिवाळ्यातली बदकं पाहायची असतील तर एवढी पायपीट नको. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक नाथसागरावर भरपूर दिसतात. रोहितही (फ्लेमिंगो) येतात, पण त्यांची वीण कच्छच्या रणात होते. घरटी पाहायची तर आधी महिना ठरवा, मग ठिकाण.

मार्च ते मे असेल तर नाथसागरच. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर आणि काठांवर नदी सुरय, आर्ली, टिटवी अंडी घालतात. घरटं कसलं, जमिनीतला उथळ खळगा आणि कडेला चार खडे. अंडी मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. माणूस जवळ रेंगाळला की ती उठते, डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढ्यात उघडी अंडी भाजून निघतात. फोटोच्या हौसेपायी हेच जास्त होतं. ती ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरा. काठावर गाळपेरीचे (पाणी उतरलेल्या गाळातल्या शेतीचे) ट्रॅक्टर आणि गावची कुत्री यांचा त्रास वेगळाच. नुसती दुर्बीण इथे तोकडी पडते, तिवईवरचा स्कोप हवा. पैठणच्या बाजूने पाणी पश्चिमेला पसरलेलं, म्हणून सकाळी ऊन पाठीशी राहतं; नऊच्या आत आटोपा.

जुलै ते सप्टेंबर नाथसागराचं पाणी चढतं, काठ रोज सरकतो, काळ्या मातीत गाडी रुतते. तेव्हा मात्र नांदूर. जुना बंधारा गाळाने भरत गेला, त्यात पाणकणीस माजलं, म्हणूनच ही जागा पक्ष्यांना मानवली. २०२०मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच ठरलं. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी, बाभळींवर बगळे आणि पाणकावळे. तरंगत्या वनस्पतींवर कमळपक्ष्याची चार चकचकीत अंडी असतात. ती उबवतो नर, मादी दुसरा जोडीदार शोधायला मोकळी. चापडगावच्या मनोऱ्यावरून ८×४२ दुर्बीण पुरते.

तिथली अडचण पुराची. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं हळू चढणाऱ्या पाण्याबरोबर वर येतं, पण बंधाऱ्याची दारं उघडून जोराचा विसर्ग सुरू झाला की प्रवाहात तुटून जातं. मराठवाड्यात नांदूरच्या विसर्गाचा आकडा नाथसागर किती भरेल यासाठी सगळेच बघतात. तुम्ही तो निघण्याआधी बघा. मोठा असेल तर फेरी आठवडाभर पुढे ढकला.