"मादी आहे ना, काका?"

ठमीला घ्यायला तयार झालेल्या पोराचा हा पहिला प्रश्न. दुसरा, "कागद आहेत ना?" ठमी काय खाते, शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली, चावते का, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, पोरगा मुद्द्याचं बोलतोय. बावीस वर्षं बँकेत इतरांचे कागद तपासून ही अक्कल.

ठमी म्हणजे बोआ, लाल शेपटीचा परदेशी साप. सात फुटांना थोडी कमी, वजन नऊ किलो. भाच्याने तिला हॉस्टेलमधल्या एका मुलाकडून अक्षरशः सोडवून आणली होती. त्या मुलाने तिला प्लास्टिकच्या टबात ठेवलं होतं आणि खाली थर्मोस्टॅटशिवाय गरम चटई लावलेली. सापाला पोट भाजतंय हे वेळेत कळत नाही, तो तिथेच पडून राहतो. ठमीच्या पोटावर तळहाताएवढी जखम झाली होती. भाच्याने रोज मलम लावून ती भरून आणली. केंद्र सरकारने २०२० मध्ये परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करायची मुभा दिली, तेव्हा त्याने तिची माहिती भरली. २०२४ चे नियम आल्यावर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर पुन्हा रीतसर नोंदणी केली.

मग त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि ठमी आमच्या नाशिकच्या हॉलमध्ये आली. बायकोची एकच अट होती, तिच्या फ्रीजमध्ये उंदीर येणार नाही. म्हणून मी जुना छोटा डीप फ्रीझर घेतला. दर तीन आठवड्यांनी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात भिजवायचा, लांब चिमट्याने पुढे धरायचा. जीभ दोनदा लवलवायची आणि पुढचं डोळ्यांना दिसायचं नाही, एकदम वेढेच दिसायचे. खरं सांगतो, मला लळा लागला होता. पण बोआ वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो आणि मी त्रेपन्नचा आहे. तिला नीट घर शोधायचं ठरलं.

"सर्पमित्राला दे, रानात सोडेल," असं सोसायटीत निम्म्या लोकांनी सुचवलं. हे करू नका. परदेशी साप इथल्या रानात सोडायचा नसतो. सर्पमित्रही घरात शिरलेले आपल्याकडचे साप पकडून वनखात्याच्या सूचनेप्रमाणे परत सोडतात, घरी साप पाळण्याचा परवाना त्यांच्याकडे नसतो. आणि आपला देशी अजगर वेगळा, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळलेला सापडला तर सरळ तुरुंग.

दोन जण पुढे आले. एक कोल्हापूरकडच्या जनावरांच्या डॉक्टर, तरुण मुलगी. तिने फोनवर पाऊण तास घेतला. टाकीच्या गरम बाजूचं तापमान किती, वीज गेली तर काय करता, भूक लागली की ती कुठल्या बाजूला येऊन बसते, पोटावरच्या डागाजवळची कात सुटते का. वर म्हणाली, "मी आधी दोनदा येऊन तिला बघेन, मग ठरवू. आणि मालकाचं नाव बदलण्याची नोंद साप तुमच्या घरी असतानाच करू." मला वैताग आला. फुकट देतोय तर एवढी चौकशी!

दुसरा हा. गळ्यात ओळखपत्र, त्यावर शिक्का, व्हिजिटिंग कार्डावर वाघ. घाटाजवळ शेतावर 'रेस्क्यू सेंटर' आहे म्हणाला. मोठमोठ्या काचेच्या टाक्यांचे फोटो दाखवले. रविवारी येऊन नेतो म्हणाला. बायको म्हणाली, "आपण आधी शेत बघून येऊ या." मी म्हटलं, पावसात कुठे जायचं?

तो आला, तिला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड बांधलं. टाकी, थर्मोस्टॅट, चिमटे, सगळं टेम्पोत गेलं. क्वारंटाइन, जंतांची तपासणी आणि पोर्टलची फी मिळून १८,५०० रुपये मी तिथल्या तिथे पाठवले. शेवटी तो म्हणाला, "काका, नोंदणीची प्रिंट आणि भाच्याच्या आधारची झेरॉक्स द्या, ट्रान्सफर मी करून घेतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका." मी दिली. बँकेत ग्राहकाला रोज सांगतो की झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख टाका. स्वतःच्या वेळी पेन खिशातच राहिलं.

पहिल्या आठवड्यात एक फोटो आला. नंतर "नेटवर्क नाही काका". नंतर काहीच नाही.

पाच आठवड्यांनी भाच्याने जर्मनीतून एक स्क्रीनशॉट पाठवला. विक्रीची जाहिरात, दुसऱ्या राज्यातली. 'मादी, पेपरसकट.' बोआच्या पाठीवर खोगिरांसारखे तपकिरी पट्टे असतात आणि ते जन्मभर तसेच राहतात. ठमीचं मानेकडून चौथं खोगीर मधे चिमटल्यासारखं आहे, थेट डमरू. फोटोत डमरू होता. त्याखाली दुसरी जाहिरात होती, 'नोंदणी असलेल्या मादीची पिल्ले'. पुराव्यादाखल लावलेल्या कागदावर भाच्याचा नोंदणी क्रमांक.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, एका वेळी वीस-पंचवीससुद्धा. पिल्लं झाली की पोर्टलवर नोंदवायची असतात. म्हणजे नोंदणी असलेली मादी हाताशी असेल, तर चोरून आणलेली पिल्लं तिचीच म्हणून दाखवायची सोय झाली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक असे परदेशी साप सापडले होते. असा माल येतच असतो, अडतो तो कागदापाशी. मी त्याला मादी दिली, कागद दिला आणि वर घेऊन जाण्याचे पैसेही दिले. आणि नोंद अजून भाच्याच्याच नावावर. उद्या काही निघालं तर नोटीस ताईच्या घरी.

आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. ठमी नाशिकला आणली तेव्हाच नोंदीचं काय करायचं हे विचारायला हवं होतं, ते राहिलं. वनखात्यात हे आधी कबूल केलं, मग तक्रार दिली. वनखात्याच्या १९२६ वर फोन केला की जवळचं कार्यालय कळतं. पैशांची तक्रार ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० वर, ती वेगळी. तो फोन पहिल्याच दिवशी करायला हवा होता, मी महिन्यानंतर केला. पैसे तोवर पुढे गेले होते.

वनरक्षकाने विचारलं, "हाच साप तुमचा, हे कशावरून?" मी कपाटातून आणलेली कात पुढे केली, जून महिन्यातली, अखंड. त्याने ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, उजेडात धरली, मोबाइलवरच्या फोटोशेजारी ठेवली आणि मानेकडून मोजायला लागला. एक, दोन, तीन. चौथ्यावर थांबला. कात पाकिटात घालून वर सही करायला सांगितली.

घरी आल्यावर कोल्हापूरला फोन लावला. मला वाटलं होतं, डॉक्टरीणबाई दोन शब्द सुनावतील. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोटावरच्या डागाचा स्पष्ट फोटो असेल तर पाठवा. आजारी पडली तर कुणीतरी आमच्यापैकीच एखाद्याकडे आणेल."

भाच्याकडे जखम भरतानाचे अकरा फोटो निघाले. ते सगळे पाठवले आहेत.