शब्दावर पैसे घेणाऱ्यांनी टाइम ट्रॅकर घ्यावा का? वर्षभर वापरल्यावर

टाइम ट्रॅकरचं, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागला हे मोजणाऱ्या ॲपचं, वर्ष संपत आलंय आणि खात्यातून २,४०० रुपये जाणार, असा ऑटोपेचा मेसेज आला. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला. मी ऑटोपे बंद केलं. का, ते सांगते.

मी घरून अनुवाद आणि मुद्रितशोधनाची कामं करते. पैसे शब्दावर किंवा पानावर, तासावर नाही. मग तास कशाला मोजायचे, असं आमच्या क्षेत्रात हमखास विचारतात. पण पानाचा दर कितीही बरा असला, तरी तासाला पदरात काय पडतं हे कळल्याशिवाय कुठलं काम घ्यायचं आणि कुठल्याला नाही म्हणायचं, हे ठरवणार कसं?

टायमर, ग्राहकागणिक रंग, आठवड्याचा तक्ता हे सगळं ठीक आहे. टॉगल किंवा क्लॉकिफायसारखे ट्रॅकर वापरलेल्यांना त्यात नवीन काही नाही. माझं डोकं फिरलं ते वेळेच्या कपातीवरून. पाच मिनिटं माउस किंवा कीबोर्ड हलला नाही, की हे ॲप तेवढा वेळ 'निष्क्रिय' ठरवून परस्पर वजा करतं. मी प्रूफं कागदावर वाचते. छापील पानं, लाल पेन, शेजारी मूळ हस्तलिखित. संगणक चालू असतो तो फक्त एखादा संदर्भ बघायला. दीड तास मान मोडून वाचावं आणि तक्त्यात जेमतेम वीस मिनिटं दिसावीत! ही मर्यादा वाढवायची सोय आहे, पण ती 'टीम'च्या महागड्या प्लॅनमध्ये. एकटा माणूस काम करताना वाचत नाही, विचार करत नाही, असं यांना वाटतं का? तक्रार केली तर साच्यातलं उत्तर आलं, वेळ हाताने भरा. हाताने भरायचा तर वीस रुपयांची वही काय वाईट आहे?

तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता. आज तीन देते. मोबाइलवरून टायमर लावला की कपात होतच नाही, हे मध्ये कधीतरी लक्षात आलं आणि तिथून आकडे खरे यायला लागले. मग मी कामाचे तुकडे पाडले: पहिलं वाचन, दुसरं प्रूफ, फॉन्टबदल, पैशांचा पाठपुरावा.

फॉन्टबदलाचा आकडा बघून मी हबकले. संगणकावर हल्ली सर्रास वापरतात त्या युनिकोडमधला मजकूर छपाईच्या मांडणीसाठी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये नेला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, 'ऱ्ह' तुटतो. ते ओळ न् ओळ बघून सुधारावं लागतं. 'ते त्यातच धरा हो ताई' असं म्हणून प्रकाशक ज्याचा वेगळा पैसा देत नाहीत, ते काम पहिल्या वाचनाइतकाच वेळ खात होतं. आता कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असते. एक जुने ग्राहक त्यावरून तुटले, बाकीच्यांनी तक्ता बघून मान्य केलं. ॲपचे पैसे तिथेच वसूल झाले, हे मान्य करायलाच हवं.

पाठपुराव्याचे तासही डोळ्यांत भरणारे निघाले. म्हणून छोटा उद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी केली आणि तो क्रमांक बिलावर छापायला लागले. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ग्राहकाने झालेलं काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलाखाली ही ओळ दिसली की हिशेबनीस फोन उचलतात. ॲपमधलं बिल मात्र कुचकामी आहे, त्यात १० टक्के टीडीएस, म्हणजे ग्राहक आधीच कापून घेतो तो कर, दाखवायची सोयच नाही. आयकर खात्याच्या २६एएस या कापलेल्या कराच्या तक्त्याशी मेळ मी एक्सेलमध्येच घालते.

तर नूतनीकरण नाही. कामाचे तुकडे पाडायची सवय लागली आहे, तेवढं फुकटच्या ट्रॅकरमध्येही होतं. वाचणाऱ्या माणसाचा वेळ कापणाऱ्यांना आणखी एक वर्ष पैसे द्यायला मी तयार नाही.

सोडणार असाल तर मुदत संपायच्या आत सीएसव्ही, म्हणजे आपल्या सगळ्या नोंदींची फाइल, उतरवून घ्या. ती फाइल डबल क्लिकने उघडली तर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.