भिंतीवरची काटवट, दहा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घराचा हॉल रंगवून घेतला आणि टीव्हीशेजारची भिंत अगदी उघडी दिसायला लागली. तिथून जुन्या लाकडी वस्तूंचं वेड लागलं. आता एक उन्हाळा आणि बराचसा पावसाळा बघून झालाय, म्हणून लिहितेय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर सगळ्याला पैकीच्या पैकी देऊन मोकळी झाले असते.

घेतलं ते असं: दोन जुन्या काटवटी (पीठ मळायच्या लाकडी पराती), एक मोठ्या परातीएवढी आणि एक लहान. पितळी कड्या असलेली पायली आणि तिच्यासोबतचं मापटं, दोन्ही धान्य मोजायची लाकडी मापं. पाडलेल्या वाड्यातला, पोपट कोरलेला सागवानी तुकडा. आणि ऑनलाइन मागवलेला एक ‘विंटेज’ कोरीव वाडगा.

वाडग्याचं आधी उरकते. ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसला तर फडकं चहासारखं तपकिरी झालं. आत नवंकोरं आंब्याचं लाकूड, वर रंग. जुना दिसावा म्हणून पाडलेले खड्डेही सगळीकडे सारखे. खरी वापरातली वस्तू अशी सारखी झिजत नाही. आमच्या मोठ्या काटवटीचा तळ एकाच बाजूला खोल गेलाय, कारण भाकरीचं पीठ मळणारी बाई तळहात नेहमी त्याच बाजूला रेटत असते. उलटी केली की पाठीवर वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव दिसतात, एकही दुसऱ्यासारखा नाही. घेताना वस्तू उलटी करून बघा, एवढं एक केलं असतं तर माझे सोळाशे वाचले असते.

मोठी काटवट खानापूर तालुक्यातल्या एका घरातून आणली, पायली-मापटं अथणीकडच्या जुन्या सामानवाल्याकडून. “हळे सामानु अक्का, हळे सामानु,” (जुनं सामान, ताई) असं तो दर दोन मिनिटांनी म्हणत होता आणि त्याचं खरं निघालं. जिल्हा एकच, पण खानापूरचा पाऊस आणि अथणीचं ऊन यांचा काही मेळ नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं. हे वाचून माहीत होतं, मार्चमध्ये ऐकायलाही आलं. दुपारी हॉलमध्ये ‘टक्’ असा आवाज झाला. भिंतीवरच्या मोठ्या काटवटीला कडेपासून चार बोटं लांब भेग. खानापूरच्या दमट स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं भांडं मी पश्चिमेच्या खिडकीसमोर, उन्हाच्या तिरिपेत टांगलं होतं. चूक सगळी माझी.

उलट पायलीची कडी एप्रिलमध्ये बोटानं फिरत होती. जुलैत बघते तर जागची हलेना. आता हवा बघायची तर मी ती कडी फिरवून बघते.

टांगताना आत्यांनी (सासूबाईंनी) ऐकवलं होतंच, “ह्या असल्यात मी जन्मभर पीठ मळलो, आणि तू भिंतीला लावालीस?” भेग पडल्यावर मात्र काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांच्या माहेरी अशा भेगेवर पत्र्याची पट्टी ठोकून काटवट पुढं वापरात ठेवत. सुताराकडून तांब्याची पट्टी मारून घेतली. खरं सांगायचं तर आता ती आधीपेक्षा छान दिसते.

दिवाळीतला माझा दुसरा पराक्रम: लहान काटवटीत पाणी भरून झेंडू आणि दिवे सोडले. पितळी उरळीत शोभतं ते इथं चालत नाही. दोन दिवसांत आत पांढरट डाग आणि खाली लोखंडी स्टँड टेकला होता तिथं काळं वर्तुळ. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड ओलाव्यात भेटले की असं काळं होतं. पांढरं गेलं, काळं अजून आहे.

किडीचं मात्र नीट सांगते, कारण तिथं पैसे आणि झोप दोन्ही जातात. मेमध्ये मापट्याखाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली. जुनी भोकं आतून काळपट असतात, पूड सांडत नाही, त्यांना घाबरायचं कारण नाही. भोक ताजं, पिवळट आणि खाली रोज नवी पूड असेल तर आत अळी खातेय. एका कारागिरानं रॉकेल लावायला सांगितलं, मी ऐकलं, आणि तो वास जायला दीड महिना लागला. शेवटी मापटं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शेजारच्यांच्या डीप फ्रीजरमध्ये पंधरा दिवस ठेवलं, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवली. त्यानंतर पूड नाही. सागवानी पोपटाला काहीच झालेलं नाही. जुन्या सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही. तो सगळ्यात महाग पडला, आणि त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं सगळ्यात कमी आहे.

तेल कुठलं, हे सगळे विचारतात. शेंगतेल नको, ते सुकत नाही, चिकट होऊन धूळ धरतं आणि खवट वास येतो. जवसाचं कच्चं तेल हवेत हळूहळू सुकून पापुद्रा धरतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून काढायचं, आठवडाभर तसंच ठेवायचं. वर्षातून दोनदा पुरतं, मी पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी देते. वरून चार भाग तेलात एक भाग मेण वितळवून चोळलं की मंद चकाकी येते. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. चकचकीत पॉलिश मी कशालाच केलं नाही, त्यानं जुन्या वस्तूचा चेहराच जातो.

कुणी “देवळातली दोनशे वर्षांची मूर्ती” म्हणून काही दाखवलं तर मी तरी हात लावणार नाही. शंभर वर्षांवरच्या अशा कलावस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो, नोंदणीची भानगड असते. काटवटीला कोण विचारतंय.

पुन्हा घ्यायचं तर? पायली-मापटं डोळे मिटून. मोठी काटवट हो, पण ती आता जेवणाच्या टेबलावर असते, सुती फडकं घालून त्यात केळी आणि लिंबं. वाडग्यात किल्ल्या पडलेल्या असतात. लहान काटवट गणपतीच्या आदल्या आठवड्यात आत्यांनी घासून, उन्हाची तिरीप दाखवून आत नेली. काळ्या वर्तुळासकट त्यात जोंधळ्याचं पीठ मळून होतं. परत मागायची माझी हिंमत नाही.