मुस्तफा किती बटणांत सुरू होतो? आर्केड फ्रंटएंड निवडताना

कॅबिनेटवर गेमची यादी दाखवून निवडलेला गेम सुरू करून देणारा मेनू म्हणजे फ्रंटएंड. कीबोर्ड-माउस काढून ठेवायचे आणि मग फ्रंटएंड तपासायचा, माझी कसोटी एवढीच. कॅबिनेट ऑन केलं की थेट गेमची यादी दिसली पाहिजे, जॉयस्टिक आणि एका बटणावर गेम सुरू झाला पाहिजे आणि गेममधून परत यादीवर यायला पाहुण्यांनी मालकाला हाक मारायला लागू नये. फिरणारी चाकं, चमकणारे लोगो, धूर, आवाज हे सगळं त्याच्यानंतर. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ नेमके उलटे असतात, वीस मिनिटं थीम दाखवतात आणि बाहेर कसं पडायचं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

आता कोणी म्हणेल मेमला, म्हणजे पार्लरमधल्या मशिनचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, स्वतःचा मेनू आहेच की. आहे, पण मेम आता नुसता आर्केडचा राहिलेला नाही, 2015 ला मेस (घरगुती मशिनसाठीचं तसलंच सॉफ्टवेअर) त्यात विलीन झाल्यापासून जुने होम कॉम्प्युटर, कन्सोल, असलं सगळं त्याच एका यादीत आलंय, वर प्रत्येक गेमचे क्लोन (त्याच गेमच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या), जपानी महजाँग, स्लॉट मशिन. फिल्टर दिलेत पण घरी आलेल्या माणसाला फिल्टर लावायला सांगणार का तुम्ही?

हायपरस्पिन बघायला एक नंबर, यात वादच नाही. प्रत्येक गेमला वेगळी थीम, मागे व्हिडिओ, बाजूला गोल फिरणारं चाक, लग्नाच्या हॉलची लायटिंग झाली एकदम. पण जुनं हायपरस्पिन म्हणजे विंडोज, फ्लॅशवर बेतलेल्या थीम, एक्सएमएल डेटाबेस, मीडिया पॅकचा ढीग आणि गेम लाँच करायला बहुतेक लोक वरून रॉकेटलाँचर बसवतात. म्हणजे दोन सॉफ्टवेअर समजून घ्या, दोन्हींची सेटिंग जुळवा, मग कुठे खेळा. ज्यांना सेटअप करणं हाच छंद आहे त्यांनी खुशाल करावं.

लाँचबॉक्स त्या मानाने सरळ. मेमची यादी इंपोर्ट करतानाच महजाँग, कॅसिनो, क्विझ वगैरे गाळता येतं, चित्रं आपोआप उतरतात. पण लाँचबॉक्स स्वतः माउसने चालवायचं प्रकरण आहे, कॅबिनेटसाठी लागतो तो त्याचाच जॉयस्टिकने चालणारा भाग, बिग बॉक्स आणि त्याला पैसे मोजायला लागतात. विंडोज पीसी टीव्हीला जोडलेला असेल आणि कन्सोलचे गेम पण हवे असतील तर पैसे वसूल. माझ्यासारखं फक्त आर्केड खेळणाऱ्याला जास्त वाटतं.

माझ्या कॅबिनेटवर शेवटी अ‍ॅट्रॅक्ट-मोड राहिला. फुकट, ओपन सोर्स, लिनक्स-विंडोज-मॅक तिन्हीवर चालतो. सुरुवातीला भयाण दिसतो हे आधीच सांगतो, पहिल्यांदा उघडलं की वाटतं हे काय, अर्धवट सोडलंय का कोणी. पण टॅब दाबली की सगळी सेटिंग तिथेच आणि ती पण जॉयस्टिकने करता येते. मेमकडून माहिती घेऊन यादी तो स्वतः बनवतो, त्यात नाव, शीर्षक, साल, कंपनी, कशाचा क्लोन, स्क्रीन आडवा की उभा असे रकाने असतात आणि कुठल्याही रकान्यावर नियम लावता येतो. क्लोन गायब करायला एक नियम पुरतो. उभ्या स्क्रीनचे गेम, म्हणजे 1942 किंवा पॅकमॅनसारखे, वेगळ्या फिल्टरमध्ये टाकता येतात, मॉनिटर उभा बसवला असेल तर अख्खा मेनूच फिरवता येतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे गेम पार्लरमध्ये वाढलेला कोणताही माणूस कॅबिनेटसमोर उभा राहिला की पहिलं काय विचारतो? मुस्तफा आहे का. आणि यादीत मुस्तफा नावाचा गेमच नाही, तिथे आहे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम, 1993, रॉमचं (म्हणजे गेमच्या फाइलचं) नाव डिनो. मुस्तफा हे त्यातल्या एका हिरोचं नाव, पण पार्लरमध्ये गेमचं नाव तेच पडलं. बिचारा एम अक्षरावर जाऊन मेटल स्लग बघून परत येतो. अ‍ॅट्रॅक्ट-मोडमध्ये गेम एडिट करून शीर्षक बदललं, रोमन अक्षरांत मुस्तफा लिहिलं, फेव्हरिटमध्ये टाकलं, झालं काम. रॉमचं नाव तेच राहतं त्यामुळे गेम बिनबोभाट चालतो. फक्त यादी परत नव्याने बनवायच्या आधी जुन्या फाइलची कॉपी ठेवा.

बाहेर पडायचं पण बघून ठेवा. एन्कोडर बोर्ड, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड, साधारणपणे कीबोर्ड असल्याची बतावणी करतो, मेमच्या डीफॉल्टप्रमाणे कॉइन म्हणजे 5, स्टार्ट म्हणजे 1, पहिलं बटण कंट्रोल, बाहेर पडायला एस्केप. एस्केपला वेगळं बटण दिलं की लहान मुलं ऐन बॉसच्या वेळी ते दाबतात, म्हणून दोन्ही स्टार्ट बटणं एकत्र दाबली की एस्केप असं ठेवलेलं बरं. काही बोर्डांत ते आधीपासून असतं.

अ‍ॅट्रॅक्ट-मोडमध्ये कमी काय आहे? मेनूचे लेआउट स्क्विरल नावाच्या भाषेत लिहायचे, म्हणजे प्रोग्रॅमिंगची अ‍ॅलर्जी असेल तर दुसऱ्यांनी बनवलेल्यांवरच भागवा. मूळ प्रोजेक्टचा वेग पण मंदावलाय, नवीन बसवणार असाल तर अ‍ॅट्रॅक्ट-मोड प्लस हा त्याचा फोर्क (त्याच कोडवरून दुसऱ्यांनी पुढे नेलेली आवृत्ती) आधी बघा.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांनी एवढं डोकं लावू नये, रेट्रोपाय या तयार पॅकेजमधला इम्युलेशनस्टेशन हा फ्रंटएंड घ्या. त्यात किऑस्क आणि किड मोड आहेत, मुलांना सेटिंग दिसतच नाही, आणि परत उघडायला वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, कोनामीच्या जुन्या गेममधला तो चीट कोड, हे वाचून ज्यांना हसू आलं ते आपले. फक्त आधी सिस्टीम निवडा मग गेम, ही एक पायरी जास्त पडते. घरात धूळ खात पडलेला पीसी असेल तर बाटोसेरा, म्हणजे जुन्या गेमसाठीची तयार लिनक्स सिस्टीम, पेनड्राइव्हवरून बूट होते, आतल्या विंडोजला हात न लावता चाचणी होते.

रॉमचा व्हर्जन मात्र जुळवा. मेम 2003 हा मेमच्या 0.78 या जुन्या आवृत्तीवर आधारलेला, त्याला आजच्या मेमचा सेट घातला तर बरेच गेम काळा स्क्रीन दाखवून परत येतील आणि लोक शिव्या फ्रंटएंडला घालतील. नुसतं तपासून बघायला ग्रिडली किंवा रॉबी रोटो घ्या, मेमच्या साइटवर ते अधिकृतपणे फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरायचे नाहीत एवढीच अट.