शिआनमधला एक दिवस: खासगी टूर, छोटा ग्रुप की आपलं आपण?

चीनमधल्या शिआनच्या एक दिवसाच्या खासगी टूरचं कोटेशन मागवलं की एकच आकडा हातात येतो. त्यात गाडी आणि गाइड या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. दोन्हींची गरज दिवसभर सारखी नसते. मातीच्या सैनिकांपाशी (सम्राट छिन शिह्वांगच्या समाधीजवळची टेराकोटा सेना) गाइड हवा, गाडी नसली तरी चालतं. सोबत सत्तरीतले आई-वडील असतील तर गाडी हवीच, गाइड जरा कमी बोलला तरी बिघडत नाही. आणि तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात दोन्ही नसले तरी काही अडत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी ही गाठ सोडवून घ्यायची.

समोर पर्याय साधारण तीन असतात. पहिला खासगी टूरचा: गाइड, गाडी आणि ड्रायव्हर फक्त तुमच्यासाठी, हॉटेलपासून हॉटेलपर्यंत आठेक तास. दुसरा छोट्या ग्रुपचा, म्हणजे मिनीबस, इंग्रजी बोलणारा गाइड आणि ठरलेलं वेळापत्रक. तिसरा मेट्रो आणि बसचा. चौथा एक पर्याय सहसा कुणी आपणहून सुचवत नाही, विचारावा लागतो: फक्त अर्ध्या दिवसाचा गाइड घ्यायचा आणि त्याने थेट सैनिकांच्या संग्रहालयाच्या दाराशी भेटायचं.

पैशांचं गणित

खासगी टूरचा मूळ खर्च माणसं मोजून वाढत नाही. उदाहरणापुरते गाइड आणि गाडी मिळून १,४०० युआन धरा. दोघं असाल तर माणशी ७०० युआन, म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये (एक युआन साधारण १२ ते १३ रुपये धरून). पाच जण असाल तर हाच आकडा एकदम खाली येतो, पण इथे एक मेख आहे. साध्या सेडानमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी गाइड बसतो, त्यामुळे पाहुण्यांना मागच्या तीनच जागा उरतात. चौथा माणूस आला की मोठी गाडी लागते. ती धरून १,६०० झाले तरी पाच जणांत माणशी ३२० पडतात. थोडक्यात, दोघांना खासगी टूर महाग पडते, तिघांना ठीक, आणि चार-पाच जणांच्या कुटुंबाला ती छोट्या ग्रुपच्या जवळपास येऊन बसते.

तिकिटं आत धरली आहेत की नाही ते वेगळं विचारा. सैनिकांचं तिकीट १२० युआन, तटबंदीचं ५४. टीप देण्याची चीनमध्ये रीत नाही. परदेशी पाहुण्यांबरोबर काम करणारे गाइड दिली तर घेतात, पण ती सक्तीची नव्हे.

ग्रुप टूर फारच स्वस्त दिसली तर उरलेले पैसे दुकानातून वसूल होतात असं समजा. रस्त्यात जेडचं दुकान, रेशमाचं दुकान, किंवा मातीच्या सैनिकांच्या प्रतिकृती बनवणारा ‘कारखाना’ लागतो आणि दीड तास तिथेच जातो. चीनच्या २०१३ च्या पर्यटन कायद्यात अवाजवी कमी दर लावून खरेदीच्या दलालीवर टूर चालवायला बंदी आहे, तरी ‘सांस्कृतिक भेट’ या नावाखाली थांबे घुसतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘टेराकोटा वर्कशॉप’ असं काही दिसलं तर ते काढून टाकायला सांगायचं. खासगी टूरमध्ये हे सांगता येतं, ग्रुपमध्ये नाही. आमच्या मते जास्तीच्या पैशांचा सगळ्यात मोठा मोबदला हाच, एसी गाडी नव्हे.

जायचं कसं

सैनिकांची जागा शहराच्या पूर्वेला लिनथोंग भागात, साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. गाडीने एक तास, सकाळच्या गर्दीत सापडलात तर सव्वा तासाच्या पुढे.

घंटाघराजवळ उतरला असाल तर मेट्रोची दोन नंबरची लाइन, मग एक नंबर, मग २०२० साली सुरू झालेली नऊ नंबरची लाइन, अशा दोन ठिकाणी गाड्या बदलून हुआचिंग कुंडाच्या स्टेशनवर उतरायचं. भाडं दहा युआनच्या आत. बाहेर ६०२ किंवा ६१३ नंबरची बस. सगळं मिळून दीड ते पावणेदोन तास धरा. स्टेशनबाहेर ‘बस बंद आहे, आमच्या गाडीतून चला’ म्हणणारे भेटतात. त्यांच्या गाड्या सैनिकांआधी भलतीकडेच नेतात. बसच्या कपाळावरचा नंबर वाचा आणि मगच चढा.

गाडी केली म्हणजे चालावं लागणार नाही, हा समज मात्र इथेच सोडा. गाड्या पार्किंगला थांबतात, तिथून प्रवेशद्वार आणि तिथून सैनिक ज्या खंदकांत उभे आहेत त्यांच्या इमारती असं बरंच अंतर आहे. आत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मिळतात, त्यांचे पैसे वेगळे. बाहेर पडायचा रस्ता आत शिरायच्या रस्त्याहून वेगळा आहे आणि तो दुकानांच्या लांबलचक गल्लीतून जातो. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर आतल्या गाडीचं आणि परतीला ड्रायव्हर नेमका कुठे उभा राहील याचं गाइडशी आधीच बोलून ठेवा.

खंदकांपाशी गाइड का हवा

मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सैनिक सापडले, हे सगळ्यांना माहीत असतं. एक नंबरचा खंदक २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. कठड्याशी उभं राहिलं की समोर रांगाच रांगा दिसतात, फोटो निघतो, आणि वीस मिनिटांत ‘बघून झालं’ असं वाटायला लागतं. एकटे जाणारे बरेच जण इथेच चुकतात. इमारतीच्या बाजूने मागच्या टोकापर्यंत चालत गेलं की दुरुस्तीची जागा येते. तिथे अर्धवट जोडलेले सैनिक उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाचा हात टॅग लावून बाजूला ठेवलेला. डोकं आणि हात वेगळे घडवून नंतर बसवायचे, ही रीत तिथे डोळ्यांनी कळते.

दोन नंबरच्या इमारतीत काचेच्या पेटीत गुडघ्यावर बसलेला एक तिरंदाज आहे. लोक समोरून फोटो काढून पुढे सरकतात. चांगला गाइड तुम्हाला त्याच्या मागे नेतो आणि टेकलेल्या पायाचा बुटाचा तळवा दाखवतो. त्यावर शिवणीचे टाके कोरलेले आहेत, चवड्याशी आणि टाचेशी दाट, मधे विरळ. जिथे झिजतं तिथे जास्त शिवण, हे बावीसशे वर्षांपूर्वी मातीतसुद्धा सोडलेलं नाही. त्याच्या अंगावर रंगाचे अंश आहेत. सगळे सैनिक मुळात रंगवलेलेच होते, पण रंगाखाली लाखेचा थर होता. तो शतकानुशतकं ओल्या मातीत राहिला आणि बाहेरची कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आक्रसून, वळून, रंगासकट सुटला. उरलेली खणाई सावकाश चालण्याचं एक मोठं कारण हेच.

ऑडिओ गाइड मिळतो, पण तो ‘मागे जाऊन तळवा बघा’ असं तुमच्या खांद्याला धरून सांगत नाही. संग्रहालयाची स्वतःची गाइड सेवाही असते. गर्दीच्या दिवशी इंग्रजी बोलणारा मिळेलच असं धरून चालू नका. ग्रुपमध्ये गाइड चांगला असला तरी पंधरा जणांना त्या एका काचेभोवती उभं करता येत नाही. फाटकाशी भेटणाऱ्या कुणालाही ठरवण्याआधी त्याचं अधिकृत गाइड-कार्ड बघा.

याच तिकिटात सम्राट छिन शिह्वांगच्या समाधीचा परिसर येतो आणि तिथे जायला मोफत बस आहे. कांस्य रथ २०२१ पासून त्या परिसरातल्या नव्या दालनात आहेत. मूळ आकाराच्या अर्ध्या मापाचे हे रथ तीन हजारांहून जास्त भागांचे, आणि आमच्या मते पहिल्या खंदकाइतकेच बघण्यासारखे. घाईच्या टूर नेमके हेच गाळतात. विचारायचा प्रश्न सरळ आहे: ‘कांस्य रथांचं दालन कार्यक्रमात आहे का?’ ते धरून इथे साडेतीन ते चार तास लागतात. खुद्द समाधीची टेकडी उघडलेली नाही, ती बाहेरूनच दिसते.

दुपार: इथे गाइडला सुटी देता येते

एका दिवसात सैनिक, तटबंदी, मोठा हंस पॅगोडा, मुस्लिम मोहल्ला आणि शान्शी इतिहास संग्रहालय असं पाच ठिकाणांचं कोटेशन आलं तर घड्याळ लावून बघा. आठला निघालात, सव्वानऊला आत, एकला बाहेर, जेवून शहरात परत येईपर्यंत तीन वाजतात. आठ तासांच्या टूरचा एकच तास उरला. एवढ्यात एक ठिकाण नीट होतं, नाहीतर चार ठिकाणी गाडीतून उतरून फोटो. शिवाय जादा तासाचा दर लागतो, तो आधी लिहून घ्या.

तटबंदीवर गाइड लागत नाही. मिंग काळात, १३७० ते १३७८ दरम्यान उभारलेला हा तट पावणेचौदा किलोमीटरचा आहे आणि वरची रुंदी १२ ते १४ मीटर, म्हणजे आपल्या गडांच्या तटाच्या मापाने विचारच करू नका. दक्षिण दरवाजाने वर चढायचं, अनामत ठेवून सायकल घ्यायची. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात. जुन्या विटांवरून सायकल खडखडते, पाठीचा त्रास असेल तर एका दरवाजापासून पुढच्या दरवाजापर्यंत चालणं बरं. सावली नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पाचनंतरच.

मोठी मशीद मुस्लिम मोहल्ल्यातच आहे. घुमट नाही, ओळखीचा मिनार नाही, चिनी देवळासारखी चौकामागून चौक अशी मांडणी. नमाजाच्या दालनात इतर धर्मीयांना जाता येत नाही. हेही स्वतः बघण्यासारखं.

मोठ्या हंस पॅगोड्यालाही गाइड नको, पण कारण वेगळं. ६४ मीटर उंचीचा हा पॅगोडा ६५२ साली उभा राहिला तो ह्युएन त्संगने भारतातून आणलेल्या पोथ्या ठेवायला. हाच प्रवासी ६४१ च्या सुमारास चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात आला होता. ‘मो-हो-ला-छा’ म्हणजे महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतात, पण घेण्याआधी समोरच्याला बजावून घेतात, असं त्याने परत येऊन याच शहरात नोंदवलं. इथल्या गाइडच्या ठरलेल्या बोलण्यात हे असण्याची शक्यता कमी. तेव्हा पॅगोड्यापाशी आपलं आपण जा, हे सोबतच्या मुलांना तुम्हीच सांगा. वर चढायचं तिकीट आवारापेक्षा वेगळं असतं.

जेवण

खासगी गाइडचा दुसरा खरा उपयोग शाकाहारी माणसाला. नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण नूडल्सचं पाणी हाडांचं असतं आणि भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. गाइडकडून चिनी लिपीत चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, मांसाचं पाणी, प्राण्यांची चरबी नको. बौद्ध शाकाहारी हॉटेलात कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींना ते सोयीचं. मुस्लिम मोहल्ल्यात डुक्कर नसतं, पण गोमांस आणि मटण सर्रास, आणि हातगाडीवरच्या पाटीवरून फरक कळत नाही. ‘न्यू’ म्हणजे गाय-बैल, ‘यांग’ म्हणजे बकरी-मेंढी. मोहल्ल्याबाहेर नुसतं ‘रौ’ म्हटलं तर बहुधा डुक्कर. थंड लियांगफी नूडल्स बहुतेकदा मांसाशिवाय मिळतात, तरी चिठ्ठी दाखवाच.

काय बिघडतं

सगळ्यात आधी तिकीट. सैनिकांचं तिकीट पासपोर्टच्या नावावर निघतं आणि दाराशी मूळ पासपोर्टच चालतो, मोबाइलमधला फोटो नाही. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा केला असेल तर नंबर कळवायला विसरू नका. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या सुट्यांत तिकिटं संपतात, आणि खासगी टूर घेतली म्हणून वेगळा कोटा मिळत नाही. शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं. प्रवेश मोफत, पण नोंदणी लागते आणि जागा भराभर संपतात. कार्यक्रमात ते असेल तर ‘नोंदणी न मिळाल्यास काय?’ याचं उत्तर लेखी हवं.

मग पैसे. यूपीआय चालत नाही. अलीपे या चिनी पेमेंट अॅपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून जा आणि बँकेकडून आंतरराष्ट्रीय वापर चालू करून घ्या. २०० युआनपेक्षा मोठ्या रकमेवर परदेशी कार्डाला तीन टक्के आकार लागतो. तेव्हा टूरची उरलेली रक्कम तिथे अलीपेने द्यायची की रोख, हे निघण्याआधी ठरवा.

आणि गाइडशी संपर्क. व्हॉट्सअॅप आणि गूगल मॅप तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवर गाइडला भारतातूनच जोडून घ्या. खातं उघडताना कधी कधी जुन्या वापरकर्त्याकडून खात्री करून घ्यावी लागते, आणि ते काम सकाळी आठला लॉबीत उभं राहून होत नाही.