एडीएस1115 : संत्र्याच्या बगीच्यात वापरलेला एडीसी

वरुडकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे झाडांना एकदम फुलं यावी म्हणून, हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. ताण किती बसला हे आमचे बाबा माती मुठीत दाबून सांगतात. मला ते मोबाइलवर पाहिजे होतं, म्हणून ईएसपी32 या वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडीएस1115 चं मॉड्यूल जोडलं. हा एडीसी, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा चिप.

ईएसपी32 मध्ये 12 बिटचा एडीसी असतोच, मग हा काऊन? तर तो दोन्ही टोकांना वाकडा चालतो, अन् वाय-फाय सुरू असताना त्याच्या एडीसी2 च्या पिना भरवशाच्या राहत नाहीत. एडीएस1115 चा रेफरन्स, म्हणजे मोजमापासाठीचं पक्कं व्होल्टेज, आतच असतो, अन् आकडे पाठवायला वायरा दोनच लागतात.

16 बिटला मात्र भुलू नका. ग्राउंडपासून मोजलं की ऋण बाजूचा अर्धा पल्ला वाया, हाती 15 बिट. 4.096 व्होल्टच्या पल्ल्यावर एक टप्पा 125 मायक्रोव्होल्टचा पडतो. मातीच्या ओलीला एवढं बारीक लागतही नाही.

मला हा चिप आवडला तो चौथ्या इनपुटसाठी. मातीच्या ओलीचा कॅपॅसिटिव्ह सेन्सर अन् मोटारीचा रिले एकाच ग्राउंडच्या वायरवर असले, की रिले ओढताच सेन्सरचं ग्राउंड वर उचललं जातं आणि आकडा कोरड्याकडे सरकतो. बाबा स्क्रीन पाहून म्हणाले, "मोटार लावली अन् माती वाळली? लय हुशार यंत्र हाय बाप्पा तुहं!" उपाय चिपमध्येच आहे. सेन्सरकडचं ग्राउंड वेगळ्या वायरीने एआयएन3 ला, म्हणजे चौथ्या इनपुटला, आणायचं, अन् बाकी तीन इनपुट त्याच्या तुलनेत मोजायचे. एक सेन्सर कमी बसतो, पण रिलेची उडी जाते. वेग सेकंदाला 8 नमुन्यांवर ठेवा. एक मोजणी 125 मिलिसेकंद चालते, त्यात विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची गुणगुण बरीचशी विरते. माती काही पळून जात नाही.

पल्ला 6.144 व्होल्टचा दिसतो म्हणून 3.3 वर चालवताना 5 व्होल्टचा सेन्सर थेट लावू नका. इनपुट चिपच्या पुरवठ्यापेक्षा 0.3 व्होल्टहून जास्त वर जायला नको, म्हणजे 3.6 व्होल्ट ही हद्द.

कापसाच्या काट्यासाठी घ्यावा का, असं शेजारचे दादा विचारत होते. नको. 5 व्होल्टवर लोडसेल (काट्यातला वजनाचा सेन्सर) पूर्ण वजनाला 10 मिलिव्होल्टच्या आसपास देतो, 0.256 च्या सगळ्यात बारीक पल्ल्यावरही त्याचे जेमतेम 1280 टप्पे होतात. तिथं लोडसेलसाठीच बनवलेला एचएक्स711 हा एडीसीच घ्या.